पाच जणांचा चहा

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. कारखान्यातले लोक त्यांना मागून 'सायरन' म्हणतात आणि हे त्यांना माहीत नाही, असं सगळे धरून चालतात. त्यांना माहीत आहे. त्यांना तो मान वाटतो. मी मात्र त्यांना जावईबापू म्हणतो, कारण मी त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि भाडं देत नाही.

त्यांच्याकडे पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला पाण्याच्या आधी माहिती मिळते. आग लागली तर कुठल्या दारातून बाहेर पडायचं, ते दार बंद असेल तर कुठल्या, आणि बाहेर पडल्यावर फाटकाजवळच्या झाडाखाली कसं रांगेत उभं राहायचं. दुसऱ्यांदा आलेल्या पाहुण्याला ते सांगत नाहीत, विचारतात. तिसऱ्यांदा सहसा कोणी येत नाही.

कारखान्यात त्यांचं नाव आहे ते मॉक ड्रिलसाठी. वर्षातून दोनदा, कोणाला कानोकान खबर न लागू देता, ते भोंगा वाजवतात. आग लागलेली नसते, पण लागली आहे असं धरून सगळ्यांनी बाहेर पडायचं असतं. आणि त्यांचा कारखाना असा काही झटपट रिकामा होतो, की मुख्य कचेरीने त्यांना त्याबद्दल एक ढाल दिली आहे. ती हॉलमध्ये लावली आहे, पडू नये म्हणून चार स्क्रूंनी. ड्रिल झाली की मैदानातच सगळ्यांना चहा-बिस्किटं. घाबरलेल्या माणसाच्या पोटात काहीतरी गरम गेलं पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त. माणूस शिस्तीचा, पण मायाळू.

अशा माणसाच्या पोटी भिंगरी जन्माला आली. हे तिचं लाडाचं नाव, पण ते ठेवताना फार डोकं चालवावं लागलं नव्हतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना भिंगरीने एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं, की परीक्षा संपली की ती आणि तिची मैत्रीण पाठीवर बॅगा टाकून तीन आठवडे परदेशात फिरणार. पैसे स्वतःचे. दोन वर्षं शाळेतल्या मुलांना गणित शिकवून साठवलेले. विमानाची तिकिटं काढून झालेली, आणि ती इतकी स्वस्त की परत होत नव्हती.

मैत्रीण शेजारीच बसली होती. उंच, शांत मुलगी. भिंगरी तिला पार्टनर म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. ही मुलगी फार बोलत नाही. कोणी काही किंमत सांगितली, की तेवढ्यापुरती म्हणते, "याहून स्वस्तात होतं." मग पुन्हा गप्प.

भिंगरीने लॅपटॉप उघडून बेत समजावला. हॉटेलात राहायचं नाही, वसतिगृहात राहायचं. एका खोलीत आठ जण, खालीवर पलंग. वसतिगृह निवडताना स्वयंपाकघर आहे का ते आधी बघायचं, खोली नंतर. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं ते रात्रीच्या बसने, म्हणजे बसभाड्यातच झोप निघते. विमानात मोठं सामान न्यायचं नाही, त्याचे वेगळे पैसे पडतात. सीटखाली मावेल तेवढीच बॅग, आणि जे त्यात मावणार नाही ते अंगावर घालायचं.

"म्हणजे तीन शर्ट एकावर एक?" मी विचारलं.

"दोन शर्ट आणि एक कोट, मामा. कोटाला खिसे असतात. खिशात बूट."

"बुटात काय?"

"मोजे," पार्टनर म्हणाली.

मला बेत पसंत पडला. गैरसोय घरी फुकट मिळते, पण घरच्या गैरसोयीचे फोटो काढता येत नाहीत. बहीण मुलीकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी कौतुक म्हणेन. पण ती गप्प राहिली, कारण टेबलाच्या त्या टोकाला जावईबापूंनी चष्मा लावला होता.

"आठ माणसांच्या खोलीला दारं किती?"

"एक, बाबा."

"खिडक्या?"

"फोटोत दोन दिसतायत."

"उघडतात?"

"फोटोत नाही उघडत."

"बसमध्ये आपत्कालीन दरवाजा कुठल्या बाजूला असतो?"

"बसमध्ये बसल्यावर बघीन ना."

"बसल्यावर सगळेच बघतात," जावईबापू म्हणाले.

जावईबापू कधी नाही म्हणत नाहीत. नाही म्हणणं त्यांच्या व्यवसायात बसत नाही, ते तपासणी करतात. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून ते म्हणाले, "तीन ड्रिल होतील. दोन सांगून, तिसरी न सांगता. तिन्ही पार पाडल्यास तर खुशाल जा. एक जरी फसली, तर पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी भिंगरी नोकरीला लागलेली असणार होती, आणि नव्या नोकरीत तीन आठवड्यांची रजा फक्त साहेबाच्या मुलाला मिळते. हे तिला कळत होतं, तिच्या बाबांनाही कळत होतं. तिला तशीही कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. मुलगी सज्ञान, पैसे तिचे. मी नंतर तिला तसं सुचवूनही पाहिलं, कारण घरात थोडी खळबळ झालेली मला आवडते. ती म्हणाली, "बाबांचा हो नसेल तर तेवढं एक ओझं होईल, मामा. आणि बॅगेत जागा नाही."

टेबलावर मात्र ती बापाची लेक शोभली. म्हणाली, "मान्य. पण नियम एकदा ठरले की ठरले. मध्ये बदलायचे नाहीत."

"सुरक्षेचे नियम मध्ये बदलत नसतात," जावईबापू जरा दुखावून म्हणाले.

पहिली ड्रिल वसतिगृहात झोपण्याची. जावईबापूंना सकाळी कामावर जायचं असल्यामुळे रात्र रविवारी दुपारी धरण्यात आली. हॉलचे पडदे ओढले, जमिनीवर गाद्या घातल्या. परक्या देशातले परके प्रवासी म्हणून आम्ही तिघं. मला घोरायचं काम दिलं होतं. त्यासाठी मला जेवण भरपूर वाढण्यात आलं, त्यामुळे अभिनय करावा लागला नाही. बहिणीने उशिरा येऊन दिवा लावायचा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बराच वेळ काहीतरी शोधायचं. जावईबापूंनी फोनचा गजर लावून तो बंद न करता पडून राहायचं. भिंगरीने कानात बोळे घातले, डोळ्यांवर रुमाल बांधला, बॅगेचा पट्टा घोट्याला अडकवला आणि दिवेलागणीपर्यंत गाढ झोपली. तिला उठवायला आम्हाला ढाल वाजवावी लागली. पास.

दुसरी ड्रिल पाकीट हरवण्याची. दोघींना गावाच्या दुसऱ्या टोकाला मोकळ्या खिशाने सोडण्यात आलं. अंधार पडायच्या आत घरी यायचं, ओळखीच्या कोणाला फोन करायचा नाही. दोघी चारच्या सुमाराला पोट भरून परतल्या. एका खानावळीच्या मालकाला त्याच्या दारावरची चुकलेली पाटी नवीन रंगवून दिली होती, त्याने जेवण घातलं आणि बसभाडं दिलं. जावईबापूंनी विचारलं, "किती घेतलं त्याच्याकडून?" भिंगरीने सांगितलं. पार्टनर म्हणाली, "याहून स्वस्तात होतं. मागची भिंतही रंगवायची होती त्याला." पास.

राहिली तिसरी, न सांगता होणारी. आणि तिच्यात मला चोर व्हावं लागलं.

एका संध्याकाळी जावईबापू वर माझ्या खोलीत आले. दार लावून घेतलं. हा माणूस दार लावत नाही. दार म्हणजे त्यांच्या दृष्टीने बाहेर पडण्याचा मार्ग. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"दादा, एक जबाबदारीचं काम आहे. बॅग चोरायची."

"या वयात?"

"तुमच्याकडे बघून कोणाला संशय येणार नाही."

"हे कौतुक आहे का?"

"तुमच्याकडे बघून कोणाला तुम्ही काही कराल असंच वाटत नाही," त्यांनी स्पष्ट केलं.

योजना अशी होती. निघायला आठवडा उरला होता. शनिवारी सकाळी दोघींनी भरलेली बॅग पाठीवर घेऊन चालत बसस्थानकापर्यंत जायचं आणि परत यायचं, खांद्यांना सवय व्हावी म्हणून. बॅगेत सगळं हवं. कपडे, कागद, पासपोर्ट, अगदी निघायच्या दिवशी असेल तसं. हे भिंगरीला सांगितलेलं होतं. सांगितलेलं नव्हतं ते असं, की ती स्थानकाच्या बाकावर टेकली की जावईबापू तिला फोन करतील, आणि ती बोलण्यात गुंतली की मी मागून बॅग उचलीन. मग मागच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीत नेऊन टाकीन. बॅग गेल्यावर मुलगी काय करते, कोणाला सांगते, रडत बसते की हालचाल करते, हे बघायचं.

"आणि मला कोणी हटकलं तर?"

"कोणी काही विचारलं तर मान हलवून हो म्हणायचं. वाद घालायचा नाही. वाद घातला की लोक बघतात. हो म्हटलं की कोणी बघत नाही."

चोरीबद्दल मला मिळालेलं हे एवढंच शिक्षण.

शनिवारी सकाळी मी खाली आलो तेव्हा बहीण ओट्यावर कप पुसून मांडत होती. जावईबापू न्हाणीघराच्या काट्यावर भरलेल्या बॅगेचं वजन करत होते. वजन बरोबर भरलं. "छान," ते म्हणाले. भिंगरीने एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि काहीतरी राहिलं म्हणत बॅगेसकट आत गेली. बाहेर आली ती बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकली. पार्टनर बाहेर फाटकाशी येऊन थांबली होती. दोघी निघाल्या. थोड्या वेळाने मी निघालो. डोक्यावर टोपी, तोंडावर धूळ न जावी म्हणून बांधतात तसा रुमाल. आरशात पाहिलं तर चोर नाही, दातदुखीचा रोगी दिसत होतो.

स्थानकात सकाळची गर्दी होती. भिंगरी एका बाकावर बसली होती, बॅग बाकाच्या मागे टेकवलेली. पार्टनर कुठे दिसत नव्हती. फोन वाजला. भिंगरी बोलायला लागली, हसायला लागली, पाठ माझ्याकडे. मी गेलो आणि बॅग उचलली.

म्हणजे उचलायला गेलो. बॅग जागची हलेना. स्वस्तात प्रवास करणाऱ्या मुलीच्या बॅगेत दोन शर्ट आणि एक टॉवेल असतो अशी माझी समजूत होती. हिच्यात उखळ असावं. कशीबशी खांद्यावर घेतली आणि चोराला शोभेल अशा चालीने, म्हणजे कण्हत, मागच्या फाटकाकडे निघालो.

फाटकाबाहेर गाडी नव्हती.

गाडी का नव्हती ते नंतर कळलं. त्या जागी रस्त्याच्या कडेला पिवळी रेघ होती, आणि पिवळ्या रेघेवर जावईबापू गाडी उभी करत नाहीत, चोरीच्या कामासाठी तर मुळीच नाही. ते रीतसर जागा शोधत दोन चौक पलीकडे गेले होते, तिथून पावती फाडून चालत येत होते. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आपला आत येऊन एका खांबाशी, बसच्या फलाटावर टेकलो. बॅग पायाशी ठेवली.

समोर लांब पल्ल्याची बस लागली होती. कंडक्टर सामान आत टाकून घेत होता. मला बघून तो लगबगीने आला.

"काका, याच गाडीचे ना?"

मी मान हलवून हो म्हटलं. वाद घालायचा नव्हता.

"एवढं ओझं कशाला उचलता या वयात? द्या इकडे." त्याने बॅग उचलली, "आई गं, दगड भरलेत का," असं म्हणत बसच्या पोटात ढकलली आणि झडप लावली. "चढा तुम्ही, सावकाश. तिकीट आत देतो."

मी पुन्हा हो म्हटलं. माझा विचार असा, की तो वळला की झडप उघडून बॅग काढून घ्यावी. तो वळला. मी झडपेपाशी गेलो. झडपेला कडी होती, कडीला खटका होता, आणि खटका कसा उघडतो ते सुरक्षा अधिकाऱ्याच्या मेव्हण्याला माहीत असायला हवं होतं. दुसऱ्या बाजूने उघडेल म्हणून मी बसला वळसा घालून गेलो. तिकडे झडपच नव्हती. परत इकडे आलो, तर इकडे बसच नव्हती.

चोरावर मोर ही म्हण मी ऐकली होती. मोर इतका सेवाभावी असतो हे माहीत नव्हतं.

धावावं असं मनात आलं, पण ते मनातच राहिलं. बस फाटकातून बाहेर पडली आणि तिच्या पोटात भिंगरीचा पासपोर्ट, त्यावरचा व्हिसा, परत न होणारं तिकीट आणि तीन आठवडे. मी तोंडावरचा रुमाल काढून घाम पुसला. तेवढ्यात जावईबापू समोरून आले. हातात पार्किंगची पावती.

"दादा, बॅग?"

"गेली."

"कुठे?"

मी फलाटावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर बरंच लांबचं गाव होतं.

त्यांनी पाटी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाटी. मला वाटलं आता सूचना येतील. या माणसाने आयुष्यभर लोकांना सांगितलं आहे, की संकट आलं तर पहिल्यांदा काय करायचं, मग काय करायचं. मी वाट बघत उभा राहिलो. ते हळूच माझ्या शेजारच्या बाकावर बसले आणि पावतीची घडी घालू लागले. घडीवर घडी घालत ती पावती नखाएवढी झाली.

"दादा," ते म्हणाले, "ही ड्रिल नाही."

"नाही."

"माझ्यामुळे गेली."

"उचलली मी."

"मला तिला जाऊ द्यायचंच होतं हो." "फक्त सगळं होऊन जावं, जे काय व्हायचं ते इथे, आपल्यासमोर होऊन जावं. तिकडे काही उरू नये."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आता तिला सांगायचं कसं?" ते म्हणाले.

सांगावं लागलं नाही. भिंगरी समोर उभी होती. तिच्या मागे पार्टनर, शेंगदाणे खात.

"बाळ," जावईबापू उठून उभे राहिले, कचेरीत चौकशीला माणूस उभा राहतो तसे. "तुझी बॅग..."

"कळलं, बाबा. लांबची गाडी. तुम्ही दोघं इथेच बसा. मामा, हे शेंगदाणे धरा."

ती चौकशीच्या खिडकीकडे गेली. तिथल्या बाईंशी काहीतरी बोलली. बाईंनी फोन उचलला. पार्टनरने आपल्या फोनवर काढलेला बसचा फोटो दाखवला, त्यात नंबर स्पष्ट होता. फोटोच्या एका कोपऱ्यात मी होतो, बसला वळसा घालताना. बाई हसल्या आणि मग त्यांनी आणखी एक फोन केला. हे सगळं आम्ही बाकावरून बघत होतो. दोघी परत आल्या. पार्टनरने माझ्या हातातले मूठभर शेंगदाणे परत घेतले.

"पहिल्या थांब्यावर उतरवतायत. तिथून उलट येणाऱ्या गाडीत टाकतील. तासाभरात येईल."

जावईबापूंनी श्वास सोडला. बऱ्याच वेळापासूनचा साठलेला असावा.

"आणि तोपर्यंत कोणी उघडली तर? पासपोर्ट आहे त्यात."

"पासपोर्ट कुठे आहे त्यात?" भिंगरीने शर्टाखालून कंबरेचा पट्टा ओढला. पट्ट्याला चपटी पिशवी, पिशवीत पासपोर्ट, तिकीट, सगळं. काखेत कळसा आणि आम्ही दोघं गावभर वळसा.

माझा जीव भांड्यात पडला. त्याचा आवाज फलाटभर ऐकू गेला असेल.

"मग बॅगेत काय आहे?" मी विचारलं. खांदा अजून ठणकत होता, मला विचारायचा अधिकार होता.

"बाबांच्या सुरक्षा पुस्तिका. कपाटातले सगळे खंड. बॅग भरलेली दिसायला हवी ना."

जावईबापू खाली बसले. त्या पुस्तिकांच्या समासात त्यांच्या हातचे शेरे आहेत. पण त्यांना धक्का बसला होता तो वेगळा.

"म्हणजे तुला माहीत होतं. आज ड्रिल आहे, हे तुला आधी माहीत होतं." ते माझ्याकडे वळले. मी दोन्ही हात वर केले. "दादांनी नाही सांगितलं, तर कोणी?"

"तुम्हीच, बाबा. सकाळी आईने ओट्यावर पाच कप मांडले होते. शनिवारी सकाळी घरात आपण चौघं. तुम्ही आईला पाच जणांचा चहा सांगितला असणार. पार्टनर धरून."

"मग?"

"बाबा, तुम्ही ड्रिलनंतर सगळ्यांना चहा देता."

भिंगरीने माझ्या हातातला शेंगदाणा घेतला आणि फार हळू आवाजात म्हणाली, "कारखान्यातसुद्धा. सकाळी कँटीनमध्ये मोठं पातेलं चढलं की सगळ्यांना कळतं, आज भोंगा वाजणार. मी शाळेत असताना सुट्टीत यायचे ना तुमच्याबरोबर? लोक डबे आवरून, चपला घालूनच बसलेले असायचे."

इतकी वर्षं कानोकान खबर न लागू देता वाजवलेले ते सगळे भोंगे, ती मुख्य कचेरीची ढाल, तिचे चार स्क्रू, हे सगळं जावईबापूंच्या डोळ्यांसमोरून गेलेलं मी पाहिलं. मला वाटलं माणूस खचणार. पण नियमाचा माणूस खचायच्या आधी नियमपुस्तक उघडतो.

"आधी माहीत असलेली ड्रिल रद्द समजण्यात येते," ते म्हणाले. आवाजात कठोरपणा नव्हता, पण वाक्य छापील होतं. "तिसरी ड्रिल झालीच नाही."

भिंगरीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने पार्टनरकडे पाहिलं. शेंगदाण्यांचा आवाज थांबला. आठवड्यात निघायचं होतं आणि आता दुसरी ड्रिल रचायला वेळ नव्हता. खरं सांगतो, मला त्या क्षणी माझ्या बहिणीचा राग आला. चौघांचाच चहा केला असता तर काय बिघडलं असतं?

"बरोबर," भिंगरी सावकाश म्हणाली. "बॅग बाकामागून उचलली ती ड्रिल रद्द. मला माहीत होती. पण बॅग बसमध्ये गेली ती?"

"ती काय?"

"ती कोणाला माहीत होती?"

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला नव्हती. कंडक्टरलाही नव्हती."

"तुम्हाला, बाबा?"

"मला कशी असेल?"

"मग ती न सांगता झाली. माझी बॅग खरंच गेली होती. मी काय केलं ते तुम्ही बाकावर बसून बघितलंत."

समोरून एक बस आली, माणसं उतरली, सामान उतरलं, बस रिकामी होऊन गेली. जावईबापू ते सगळं बघत बसले. मग त्यांनी नखाएवढी पावती उलगडायला घेतली, घडी घडी करून, आणि मांडीवर सपाट केली.

"मी काय केलं मग?" त्यांनी मला विचारलं. "बॅग गेल्यावर?"

"बसलात."

"किती वेळ?"

"ती येईपर्यंत."

"म्हणजे खऱ्या प्रसंगात अधिकारी बसून राहिला आणि काम कोणी केलं?" हे त्यांनी मला विचारलं नव्हतं, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही. ते उठले, शर्ट सारखा केला, आणि मुलीसमोर उभे राहिले. "तिसरी पास. अधिकारी नापास. जा तू."

भिंगरीने बापाच्या खांद्यावर कपाळ टेकवलं आणि तसंच ठेवलं. पार्टनरने पुन्हा शेंगदाणे सुरू केले. मी दुसरीकडे पाहिलं, कारण तेवढ्यात उलटी गाडी आली आणि तिच्यातून माझी फजिती उतरत होती.

या गाडीचा कंडक्टर वेगळा होता, पण बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली होती. बॅग दोन्ही हातांनी खाली ठेवत तो म्हणाला, "ते काका कोण? स्वतः मागे राहून बॅगेला फिरायला पाठवतात ते?"

"हेच," पार्टनर म्हणाली. आणि मग जरा विचार करून, "याहून स्वस्तात होत नाही."

पुस्तिका गाडीपर्यंत जावईबापूंनी स्वतः उचलून नेल्या. घरी पोचलो तेव्हा चहा केव्हाचा गार झाला होता. बहिणीने तो न बोलता ओतून दिला आणि नवीन टाकला. तिला काय घडलं ते विचारायची गरज वाटली नाही, यावरून मला एक शंका आली. तो पाचवा कप तिने ओट्यावर इतका पुढे, लेकीला दिसेल असा मांडला, तो उगीच का? मी तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"मी काही कोणाला सांगितलं का, दादा?" ती म्हणाली. "यांनी पाच जणांचा चहा सांगितला, मी पाच कप काढले. आता कप काय कपाटात लपवून ठेवू?" आणि मला आलं किसायला दिलं.

भिंगरी ठरल्या दिवशी गेली. विमानतळावर तिच्या अंगात दोन शर्ट आणि कोट होता, खिशांत बूट होते. जावईबापूंनी तिला काही सूचना दिल्या नाहीत. फक्त बसच्या आपत्कालीन दरवाजाबद्दल विचारलं. ती म्हणाली, बसल्यावर बघीन, आणि ते म्हणाले, बरं.

ती गेल्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी कारखान्यात भोंगा वाजवला. कँटीनला काही सांगितलं नव्हतं. माणसं इतक्या सावकाश बाहेर आली, की काही जण जेवण पुरं करूनच आले. एक जण परत आत गेला, चष्मा राहिला म्हणून. दोघं उलट्या दारातून बाहेर पडले आणि रस्त्यावर जाऊन उभे राहिले. हे सगळं सांगताना जावईबापू हॉलमधल्या ढालीचे स्क्रू काढत होते, आणि मी त्यांना इतक्या खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

"आता कुठे कळलं, दादा, काय काय शिकवायचंय ते."

तेवढ्यात फोन आला. भिंगरीचा. मागे माणसांची गजबज, भोंगे, कुठल्याशा परक्या भाषेतली घोषणा. ती कुठल्यातरी बसस्थानकावर बसली होती. जावईबापूंनी उत्साहाने कारखान्याची हकिकत सुरू केली.

"बाबा, एक सेकंद थांबा हं," ती मध्येच म्हणाली.

"काय झालं?"

"काही नाही. तुमच्याशी फोनवर बोलतेय ना. बॅग मांडीवर घेते."

त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला, डोळे मिटले, आणि खुर्चीला पाठ टेकून ऐकत राहिले. स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवायचा ते विसरले. मी तो त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला. चोरी म्हणाल तर एवढीच एक मला नीट जमली.